'कॉम्प्रेसर गेला' म्हणण्याआधी जाळी बघा

मे महिन्यातली दुपार. अंजूरफाट्याच्या पुढे रस्त्याला लागून एक बिअर शॉपी. काचेच्या दाराचा उभा कूलर चालू होता. आतला दिवा पेटलेला, पंखा फिरतोय, आणि बाटली हातात घेतली तर कोमट. मालक वैतागलेला. "पंधरा दिवसांपूर्वीच गॅस भरून घेतला हो सर. आता दुसरा पोरगा म्हणतो, कॉम्प्रेसर बसला, बदलायला लागेल. धंद्याचे दिवस आहेत, तुम्हीच एकदा बघा."

मी प्लग काढला, कूलरच्या तळाची भोकाभोकांची पट्टी दोन स्क्रू काढून खाली घेतली. मागे कंडेन्सर दिसायला हवा होता. मेकॅनिक त्याला जाळी म्हणतात. जाळी कुठे दिसेच ना. तिच्या जागी करडी, मऊ गादी होती. कोपऱ्यात बोट घालून ओढली, तर घोंगडीचा तुकडा निघावा तशी एक अख्खी पट्टी सुटून हातात आली. रुईचे तूस. भिवंडीत हे हवेतच असते. शांतीनगर, पद्मानगर, नारपोली, कुठल्याही मागवस्तीतून जा, यंत्रमागांची खडखड कानावर येते आणि तूस पापण्यांवर बसते. जाळीमागचा पंखा दिवसभर हवा ओढत असतो, त्या हवेबरोबर तूसही ओढले जाते. धूळ आणि तेलकटपणा मिळाला की त्याचा नमदा बनतो.

रंगाऱ्याचा रुंद ब्रश आणि ब्लोअर, एवढ्या सामानात अर्धा तास काम केले. आधी दर पाच-सात मिनिटांनी तापून बंद पडणारा कॉम्प्रेसर नंतर एकसारखा चालला. पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर सोडून ठेवला होता. दोन तासांनी त्यावर १६ अंश होते, दुकान बंद व्हायच्या वेळी ६. पंधरा दिवसांपूर्वीचे गॅसचे पैसे बहुधा गरज नसतानाच गेले होते, आणि कॉम्प्रेसरचे जाता जाता वाचले.

इतकी वर्षे आयटीआयमध्ये पोरांना हाच ट्रेड शिकवला. दुकानांतून फिरताना तीनच वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येतात: गॅस संपला, थर्मोस्टॅट उडाला, कॉम्प्रेसर बसला. कधी ती खरी असतात. पण अनेकदा दोष बाहेर, हवेत, वायरीत किंवा माल भरण्याच्या पद्धतीत असतो, आणि बंद नळ्या उगीच कापल्या जातात.

गैरसमज: कॉम्प्रेसर थंडी तयार करतो

थंडी नावाची वस्तू कुठलेच यंत्र तयार करत नाही. बाटल्यांतली उष्णता उचलून दुकानात टाकायची, एवढेच कूलरचे काम. आतल्या कॉइलमध्ये गॅस उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषतो. आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून गरम करतो, जाळीत ती हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, आणि केसासारख्या बारीक कॅपिलरीतून परत आत जाते.

हे यंत्र मोठे झाले तेच बिअरच्या कारखान्यांत. जर्मनीत १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी आपली सुरुवातीची यंत्रे म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीत लावून पाहिली, कारण लागर बिअर मुरवायला वर्षभर गारवा लागे आणि तोवर तळघरात साठवलेल्या बर्फावर भागवावे लागे. यंत्र कितीही सुधारले तरी ही अट तेव्हाही होती आणि आजही आहे, की उचललेली उष्णता कुठेतरी टाकता आली पाहिजे. जाळी तुसाने बुजली की टाकायची जागाच बंद. दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त खातो. जाळीतले तापमान १ अंश चढले की वीज साधारण २ ते ३ टक्के वाढते, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. भिवंडीच्या मे महिन्यात दुकानातच ३७-३८ अंश असतात. त्यात जाळी १०-१५ अंश जादा तापली, तर हिशेब तुम्हीच करा.

मागांजवळच्या दुकानात दर पंधरा दिवसांनी आणि इतरत्र महिन्यातून एकदा जाळी साफ व्हायला हवी. प्लग काढून, कोरड्या ब्रशने, पात्यांच्या उभ्या रेषेतच. आडवा ब्रश मारला की ती मऊ ॲल्युमिनियमची पाती वाकतात आणि हवेची वाट पुन्हा बंद होते. आणखी एक गोष्ट दुकानात हमखास दिसते. रिकामे क्रेट कूलरच्या तळाशी, बरोबर त्या भोकांच्या पट्टीला टेकवून रचलेले असतात. ते हलवायला काहीच खर्च नाही.

गैरसमज: गॅस वापरून संपतो, दर उन्हाळ्यात टॉपअप करावा लागतो

हा सगळ्यांत महागडा गैरसमज, म्हणून थोडे सविस्तर.

स्कूटरचे पेट्रोल जळते, स्वयंपाकाचा गॅस जळतो. कूलरमधला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. कॉम्प्रेसर, जाळी, कॉइल, सगळ्या नळ्या वितळवून जोडलेल्या असतात. कारखान्यात वजन करून जेवढा भरला, तेवढाच पंधरा वर्षांनीही आत असायला हवा. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणे. कूलर दोन महिने चालेल, मग पुन्हा तोच फोन.

गॅस खरोखर कमी असेल तर खुणा वेगळ्या असतात. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, पण जाळी जेमतेम कोमट. आतल्या कॉइलवर बर्फ तोंडापाशी, पहिल्या एक-दोन वेढ्यांवरच धरतो, बाकीची कॉइल कोरडी. जाळी बुजलेली असेल तर नेमके उलटे होते. कॉम्प्रेसर आणि त्यातून जाळीकडे जाणारी नळी दोन्ही चटका बसेल इतक्या तापतात, आणि कॉम्प्रेसर मधेच बंद पडतो. हा फरक गेज न लावता, हाताच्या मागच्या बाजूने जपून अंदाज घेऊन कळतो. माझ्याकडचे पोरगे पहिल्या वर्षी हेच शिकत असे.

गळती निघालीच, तर काम नीट कसे होते ते मालकाने उभे राहून बघावे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासणे, जोड पुन्हा वितळवणे, फिल्टर-ड्रायर नवा टाकणे, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणे, आणि मग वजनकाट्यावर, कूलरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमाएवढाच गॅस भरणे. ओलीचा एक थेंब आत राहिला तर कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट अडवतो. मग कूलर तासभर छान चालतो, थांबतो, बर्फ वितळला की पुन्हा चालतो, आणि दोष थर्मोस्टॅटच्या माथी येतो. अंदाजाने, नळीवर दव आले की पुरे असे म्हणून भरलेला गॅस जास्तही होतो. जास्त गॅसही कमी गॅसइतकाच वाईट.

पाटी वाचण्याचे दुसरे कारण जिवाचे आहे. जुन्या कूलरमध्ये आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला, आणि २०१० पर्यंत भारतात असे सीएफसी वायू बनवणे थांबले. मधल्या काळात आर-१३४ए आला. आताच्या अनेक फ्रिज-कूलरमध्ये आर-६००ए किंवा आर-२९० असतो. आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन, आर-२९० म्हणजे प्रोपेन. दोन्ही स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या वायूचेच भाऊबंद, दोन्ही पेट घेणारे. प्रमाण थोडे असते, घरगुती फ्रिजमध्ये तर १५० ग्रॅमच्या आतच. म्हणून कूलर वापरताना भीती नाही. पण गॅस आत असताना नळीवर टॉर्च लावला, किंवा बंद शटरच्या आत गॅस सोडून काडी ओढली, तर भडका उडतो. पाटीवर ज्वालेचे पिवळे त्रिकोणी चिन्ह असेल तर मेकॅनिकला आधी विचारा, "दादा, हा जळणारा गॅस आहे, माहीत आहे ना?" त्याने त्यात आर-१३४ए भरतो म्हटले, तर काम तिथेच थांबवा. दोन्ही वायूंचे दाब वेगळे, प्रमाण वेगळे, कॉम्प्रेसरही वेगळे.

गैरसमज: नॉब ७ वर ठेवला की लवकर गार होते

थर्मोस्टॅटच्या नॉबवर १ ते ५ किंवा १ ते ७ आकडे असतात. ते अंश नाहीत. कूलर कुठे थांबायचा, एवढेच ते ठरवतात. थर्मोस्टॅट म्हणजे एक स्विच. त्याची बारीक तांब्याची नळी कॉइलला चिकटवलेली असते, नळीत थोडा वायू असतो. कॉइल गार झाली की तो वायू आकसतो, त्याला जोडलेला भाता आत जातो, संपर्क तुटतो, 'टक्' आवाज येतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. कॉइल पुन्हा उबदार झाली की उलटे. यात वेगाचा काही संबंध नाही. साधा कॉम्प्रेसर नॉब २ वर असो की ७ वर, तेवढ्याच जोराने चालतो. फरक एवढाच, की ७ वर तो थांबायचे नाव घेत नाही.

मग संध्याकाळी गर्दीच्या वेळी बाटली कोमट का? हिशेब करू. ६५० मिलिलिटरच्या १२ बाटल्यांचा एक क्रेट. आतला द्रव पावणेआठ किलोच्या आसपास, काच आणखी सहा किलो धरा. दुकानात ३५ अंश, हवे ५. या एका क्रेटमधून साधारण ११०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे जवळजवळ ३०५ वॅट-तास. कूलरची उष्णता उपसण्याची ताकद समजा ३०० वॅट. बाकी काही धरले नाही, दार उघडले नाही, तरी एका क्रेटला एक तासाहून जास्त. दुपारी चारला टेम्पोतून उन्हात तापलेले सहा क्रेट उतरवून भरले, तर ते रात्री दहा-अकराला नीट गार होणार. यात थर्मोस्टॅटचा किंवा कॉम्प्रेसरचा दोष काय? माल रात्री दुकान वाढवताना भरा, खालची फळी आधीच गार झालेल्या बाटल्यांची ठेवा आणि विक्री तिथून करा. ठेचून भरलेल्या कूलरमध्ये बाटल्यांच्या मधून हवाच फिरत नाही, हेही लक्षात असू द्या. मागच्या पंख्यासमोर चार बोटे जागा रिकामी राहिली पाहिजे.

७ वर ठेवण्याचा दुसरा तोटा पहाटे दिसतो. साध्या ५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ ते उणे अडीच अंशांच्या आसपास गोठू लागते. स्ट्राँग बिअर अजून थोडी खाली. दार रात्रभर बंद, कॉम्प्रेसर थांबत नाही, मग मागच्या ओळीतल्या बाटल्या गोठतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते, आणि काच फुगत नाही. सकाळी तळाशी काचा आणि फेस. कधी बाटली दिसायला ठीक असते आणि झाकण उडवताच आतल्या आत बर्फाचा लगदा होतो. तेव्हा मालक म्हणतो थर्मोस्टॅट खराब, कटच होत नाही. कधी खरेच असते, संपर्क वितळून चिकटलेले असतात. पण आधी नॉब ३ वर आणा आणि एक रात्र वाट बघा. शिवाय त्या बारीक नळीचे टोक कॉइलवरून निसटून हवेत लोंबत नाही ना, ते बघा. हे फार वेळा घडते, विशेषतः कोणी टोकदार वस्तूने बर्फ खरवडला असेल तर. त्याच खरवडण्यात कॉइलला भोक पडते आणि मग गॅस खरोखरच जातो.

थर्मोस्टॅटची खरी परीक्षा सोपी, पण ती मेकॅनिकने करावी. प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या, टेप लावायची, मग प्लग लावायचा. कॉम्प्रेसर सुरू झाला तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही झाला, तर थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही, पुढे बघा. काढलेल्या थर्मोस्टॅटचे टोक बर्फाच्या पाण्यात बुडवून नॉब हळूहळू फिरवला तर कुठेतरी 'टक्' ऐकू यायलाच हवे. नव्या कूलरमध्ये आकडे दाखवणारा डिजिटल कंट्रोलर असतो. त्यावर दिसणारे ४ अंश हवेतल्या सेन्सरचे असतात, बाटलीतल्या बिअरचे नसतात. बिअर त्या आकड्यापर्यंत पोचायला तास लागतात.

गैरसमज: टकटक करतो आणि चालत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर मेला

कूलरमागून घुंऽऽ असा आवाज येतो, काही सेकंदांनी 'टक्', शांतता, तीन-चार मिनिटांनी पुन्हा घुंऽऽ. मेकॅनिकच्या भाषेत, "कॉम्प्रेसर घेत नाही." कॉम्प्रेसर खरेच अडकलेला असू शकतो. पण त्याआधी तीन जण चौकशीला उभे करायचे असतात: रिले (मोटर सुरू करून देणारा), ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) आणि व्होल्टेज.

भिवंडीत मी व्होल्टेजपासून सुरुवात करतो. मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १७० व्होल्ट मिळाले, तर जोर पाऊणपट राहत नाही, ५५ टक्क्यांवर येतो. शिवाय सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून मीटर नुसता सॉकेटला लावून "२०५ आहे, ठीक आहे" म्हणणे पुरेसे नाही. एका दुकानात असेच २०५ दिसत होते. मी मालकाच्या मुलाला म्हटले, "मीटरवर नजर ठेव, मी आता स्विच टाकतो." स्विच टाकताच काटा १७० वर कोसळला. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. बारीक वायरीचे लांबलचक एक्स्टेंशन होते, त्यावर कूलर, फ्रीझर आणि पंखा, आणि पिन बसते तिथले प्लास्टिक काळे पडून वितळलेले. भिंतीतून जाड वायर टाकून १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट बसवला आणि मेलेला कॉम्प्रेसर उठला.

गावातल्या विजेचा इतिहास मोठा आहे. २६ जानेवारी २००७ पासून इथले वितरण फ्रँचायझीकडे गेले, आणि देशात अशी पद्धत पहिल्यांदा इथेच आली. पण खांबापर्यंत वीज कशीही येवो, खांबापासून कूलरपर्यंतची वायर आपली असते.

स्टॅबिलायझर घ्यायचा तर वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मगच पुढे सोडणारा (टाइम-डिले) घ्या. वीज जाऊन लगेच आली की कॉम्प्रेसरमध्ये अजून एका बाजूला दाब अडकलेला असतो. कॅपिलरीतून तो समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात, आणि तापून तोडणाऱ्या पीटीसी रिलेला गार व्हायलाही तेवढीच. तेवढ्यात सुरू केला तर तो दाबाविरुद्ध ढकलतो, अडतो, आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. ओव्हरलोडने तोडले म्हणजे त्याने आपले काम केले. ते काढून थेट वायर जोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केले की मात्र कॉम्प्रेसर खरोखर जळतो. स्टॅबिलायझर वीज वाचवतो, असाही एक समज आहे. तो वाचवत नाही, उलट स्वतः थोडी खातो. त्याचे काम राखणीचे.

रिले काढून कानाजवळ हलवा. आतून तुकडे वाजले तर तो फुटला आहे. कॉम्प्रेसरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ. ज्या कूलरला स्टार्टिंग कपॅसिटर आहे, तिथे तोही तपासावा, पण आधी त्यातला साठा उतरवून.

हे सगळे ठीक निघाले तरच कॉम्प्रेसरकडे वळायचे. त्याला तीन पिना असतात: कॉमन, स्टार्ट, रन. मल्टीमीटरने तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. कॉमन-रन सर्वांत कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि स्टार्ट-रन दोघांची बेरीज. समजा ५ आणि १२ ओहम आले तर तिसरा १७ यायला हवा. बेरीज जुळली आणि कोणतीही पिन कॉम्प्रेसरच्या अंगाशी लागत नसेल, तर गुंडाळी शाबूत आहे. एखादी जोडी उघडी दाखवली तर कॉम्प्रेसर आधी गार होऊ द्या, कारण काहींचे ओव्हरलोड आतच असते आणि ते तासाभराने पुन्हा जुळते. पिन अंगाला लागली असेल, तर शॉक बसू शकतो. तो कूलर तिथेच बंद करा.

कॉम्प्रेसर खरेच बदलायचा झाला, तर गॅस, ताकद आणि कामाचा प्रकार पाटीवरून जुळवा. कराडला किर्लोस्करांच्या कारखान्यात कॉम्प्रेसर बनू लागले, त्यामुळे या भागात चांगला माल मिळणे कठीण नाही. उघड्यावरचे 'रिपेअर केलेले' डबे मात्र टाळा. आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही.

आता उरलेले थोडक्यात. काचेच्या दारावर जुलैत पाणी सुटते, ते गॅस गेल्यामुळे नाही. कोकणच्या हवेतली ओल थंड काचेवर जमते. पण दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला. कॉम्प्रेसर मधेच बंद पडत नसेल, तर त्याच्या अंगाला चटका बसतो म्हणून घाबरू नका, चालताना तो ६०-७० अंशांपर्यंत जातोच. कॉइलवरचा जाड बर्फ जास्त थंडीची खूण नाही. तो रजईसारखा थंडी अडवतो. पेनाच्या जाडीएवढा झाला की रात्री कूलर बंद करून दार उघडे ठेवा, वितळू द्या, सुरी लावू नका. आणि ड्राय डेला बंद ठेवायचा असेल तर पूर्ण रिकामा करून, पुसून, दार किलकिले ठेवून. बंद दारामागे एका दिवसात बुरशीचा वास धरतो.

अंजूरफाट्याच्या त्या शॉपीत परवा गेलो होतो. कूलरच्या कडेला सुतळीने एक रुंद ब्रश टांगलेला दिसला, आणि आतल्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, दर पंधरा दिवसांची एक. मालकाने शेवटच्या तारखेवर बोट ठेवले. त्या दिवशी निघालेले तूस त्याने प्लास्टिकच्या पिशवीत भरून मला दाखवायला ठेवले होते. दोन मुठी भरल्या असत्या.